नानकटाईतला आतपाव

अंजनाबाईंनी पत्र्याचा डबा काउंटरवर ठेवला, झाकण काढलं आणि म्हणाल्या, "मोजा."

देवाजी आतून हात पुसत आला होता. "काय मोजू जी?"

"नानकटाई. मी किराणावाल्याकडं मोजून आणली. आता तुमच्या काट्यावर मोजा. म्हणजे त्याचा काटा खोटा का तुमचा, ते तरी कळंल."

बाकड्यावर आपापले डबे मांडीवर घेऊन बसलेल्या बायका वळून पाहू लागल्या. नागपूरच्या सदर भागातल्या मनोहररावांच्या बेकरीत दिवाळीआधीचे पंधरा दिवस हे बाकडं कधी रिकामं नसे. घरून मैदा, साखर, तूप आणायचं, बेकरीनं ते फेटून, मळून, भट्टीत भाजून द्यायचं आणि मजुरी तेवढी घ्यायची, अशी जुनी पद्धत. त्या पद्धतीत एक गोष्ट न बोलता ठरलेली होती. घरून मोजून आणलेलं सामान बेकरीनं पुन्हा मोजायचं नाही. मोजलं तर गिऱ्हाइकाला तोंडावर खोटं म्हटल्यासारखं होई. गिऱ्हाइकानंही परत मिळालेला माल काट्यावर टाकायचा नाही. गेली वीस वर्षं या दोघांच्या मध्ये काटा कोणी आणला नव्हता. अंजनाबाईंनी तो आणला.

देवाजीनं मोजलं. सव्वादोन किलो भरलं.

"मैदा किलो, साखर पाऊण, तूप पाऊण," अंजनाबाई बोटांवर मोजत म्हणाल्या. "अडीच किलो दिलं होतं. पाव किलो कुठं गेलं?"

"भट्टी खाते जी थोडं. पाणी उडते."

"घरी कढवलेल्या तुपात पाणी? अन् भट्टीले तूप कवापासून आवडाले लागलं?"

बाकड्यावरचं कोणीतरी फिसकन हसलं. देवाजी हसला नाही. ते त्र्याहत्तर साल होतं. साखर रेशनवर, डालड्याला रांगा, आणि चांगलं तूप ओळखीशिवाय मिळत नव्हतं. अंजनाबाईंच्या मुलीचा पहिला दिवाळसण होता, जावई जबलपूरहून येणार होता, त्यासाठी त्यांनी श्रावणापासून साय साठवली होती. अशा तुपातलं चमचाभर गेलं तरी ते बाईला कळतं.

जाताना त्या दारात थांबल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "तुमची ती चिठ्ठ्या लिहिणारी नवीनच आहे नं? पहिले अशा बाया नव्हत्या बेकरीत." एवढं बोलून त्या गेल्या. 'अशा' म्हणजे कशा, ते त्यांनी सांगितलं नाही आणि देवाजीनं विचारलं नाही.

गल्ल्यावर बसलेले मनोहरराव सगळं ऐकत होते. बाकडं थोडं मोकळं झाल्यावर त्यांनी देवाजीला जवळ बोलावलं, चहाचा अर्धा कप पुढे सरकवला.

"ही तिसरी बाई या हप्त्यातली. दोघी मले एकट्याले येऊन सांगून गेल्या, हिनं चारचौघात सांगितलं. कोणीतरी तूप नेऊन राहिलं, देवाजी."

"मी पायतो जी."

"पाय. धनतेरसपर्यंत मले नाव पाहिजे. नाव भेटलं तर तो माणूस त्याच दिवशी बाहेर. नाही भेटलं तर कामठीचा एक मिस्त्री माझ्याकडं यायले तयार आहे. तू मंग परत पावाच्या पाळीवर जा."

धनत्रयोदशीला सहा दिवस होते.

देवाजी मूळचा खाप्याचा, विणकराच्या घरातला. बारा वर्षांपूर्वी तो या बेकरीत आला आणि बहुतेक काळ पहाटेच्या पावाच्या पाळीवर राहिला. बिस्किटांची बाजू नत्थूजी मिस्त्री सांभाळत. यंदा पोळ्याच्या सुमारास नत्थूजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला, ते काटोलला मुलाकडं गेले आणि मनोहररावांनी देवाजीला मिस्त्री केलं. त्याच्या हाताखाली तिघं होती. बळीराम तूप-साखर फेटायचा आणि पीठ मळायचा. पन्नाशीचा, कमी बोलणारा. गोविंदा भट्टीवर, लांब दांड्याच्या लाकडी वल्ह्यानं पत्रे आत सारायचा, बाहेर काढायचा, आणि सगळ्यांची टर उडवायचा. पंचफुला नानकटाई वळायची आणि प्रत्येक पत्र्यावर गिऱ्हाइकाच्या नावाची चिठ्ठी ठेवायची. सातवी शिकलेली होती, अक्षर वळणदार. दसऱ्याला दीक्षाभूमीवर पाणी वाटायला जायचं म्हणून तिनं सुट्टी घेतली होती. त्या दिवशी तिचं काम बाकीच्या दोघांनी ओढलं होतं आणि त्याच्या बदल्यात लक्ष्मीपूजनाचा पूर्ण दिवस तिनं कबूल केला होता.

या तिघांपैकी चोर कोण, हे देवाजीला शोधायचं होतं.

एकदा शोधायचं ठरवलं की दिसायला लागतं. दुसऱ्या दिवशी त्याच्या लक्षात आलं की तो पुढच्या दुकानातून आत शिरला की गोविंदाची बडबड मध्येच तुटते. बळीराम परातीवर जरा जास्तच ओणवा होतो. पंचफुलाच्या कापडी पिशवीचं तोंड दोरीनं बांधलेलं असतं. भाकरीच्या पिशवीला दोरी काहून? आणि एक बारीकसा आवाज, चमचा डब्याच्या काठाला लागल्याचा, तो आत पाऊल टाकायच्या आधी येतो आणि टाकल्यावर थांबतो. आधी हे सगळं होत होतं का, ते त्याला आठवेना. आधी त्यानं कान दिलेच नव्हते.

"काय गा मिस्त्री," गोविंदा म्हणाला, "आजकाल मांजरीसारखे पाय टाकून राहिले. उंदीर झाले का बेकरीत?"

"झाले असतील."

"मंग आमाले सांगा नं. आमी बिळं बुजवू."

बळीराम खाली मान घालून तूप फेटत राहिला.

देवाजीनं मग त्या न बोललेल्या नियमाला हात घातला. डबे येत तेव्हा तो पुढे थांबे, सामानाच्या खोलीत जाई आणि कोणी नसताना भराभर मोजून घेई. भट्टीतून निघालेला माल पुन्हा मोजी. दोन दिवसांत बावीस डबे मोजले. भट्टी स्वतः किती खाते हे तो अंदाजानं जाणत होता. अडीच किलोला आतपाव, म्हणजे सव्वाशे ग्रॅम. हिशेब दुप्पट निघत होता. प्रत्येक मोठ्या डब्यातून आणखी एक आतपाव जात होता.

पण एक गोष्ट त्याला बसेना. इंदुताई नावाच्या एक शिक्षिका होत्या. एकट्या राहणाऱ्या, त्यांचा डबा सगळ्यांत लहान. त्यातूनही गेलं होतं, डब्याच्या मानानं, अगदी थोडं. चोर असता तर त्यानं बंगलेवाल्यांच्या पाच-पाच किलोंच्या डब्यांना हात घातला असता आणि लहान डबे सोडले असते. हा मोजून, सगळ्यांकडून सारखं काढणारा चोर कसला?

यावर तो आणखी एक दिवस थांबला असता तर पुढचं टळलं असतं. पण धनत्रयोदशीला तीन दिवस राहिले होते, मनोहरराव येता-जाता भुवई उडवून विचारत होते, आणि अंजनाबाईंचा तो एक शब्द त्याच्या डोक्यात बसला होता.

संध्याकाळी सहाला काम संपवून तिघं निघाली. बळीराम आणि गोविंदा पुढे गेले. पंचफुला मागच्या दाराशी आली तेव्हा देवाजी दारात उभा होता.

"पंचफुला, पिशवी दाखव."

ती थांबली. "काहून जी?"

"पायची आहे."

पुढे गेलेले दोघं वळून उभे राहिले. पंचफुलानं दोरी सोडली आणि पिशवी त्याच्यासमोर उंबऱ्यावर पालथी केली. भाकरीचं रिकामं फडकं. एक पेन्सिल. पाण्याची बाटली. आणि रबरात गुंडाळलेला चिठ्ठ्यांचा गठ्ठा. बेकरीच्याच चिठ्ठ्या, प्रत्येकीचा एक कोपरा फाडलेला. तूप नव्हतं, साखर नव्हती, नानकटाईचा तुकडाही नव्हता.

"ह्या चिठ्ठ्या?"

"रद्दी आहे," ती म्हणाली. मग गोविंदाकडं बोट करून म्हणाली, "आता त्यायच्याही पिशव्या पाहा. भाऊ, माझ्या एकटीचीच काहून? माझ्या पिशवीवर काही लिहिलं आहे का?"

देवाजीकडं उत्तर होतं, पण ते तोंडातून काढण्याजोगं नव्हतं. गोविंदा चार पावलं परत आला, खांद्यावरची पिशवी त्यानं उंबऱ्यावर टाकली. बळीरामनंही टाकली. देवाजीनं त्या पिशव्यांना हात लावला नाही.

पंचफुलानं आपलं सामान भरलं. "लक्ष्मीपूजनाले मी येणार नाही," ती म्हणाली. "दसऱ्याचा बदला दुसऱ्या कोणत्या दिवशी घ्या."

दुसऱ्या दिवशी बेकरीत कोणी विनोद केला नाही. गोविंदासारखा माणूस गप्प बसला की त्या शांततेत भट्टीतल्या लाकडाचा आवाजही टोचतो. प्रत्येक जण विचारलं तेवढंच बोलत होता. "हो जी." "झालं जी." आणि काम हळू झालं. डबे तर दुपारपर्यंत सामानाच्या खोलीत छातीएवढे रचले गेले, कारण मनोहरराव कोणालाच नाही म्हणत नव्हते.

तीनच्या सुमारास देवाजी पुढे गिऱ्हाइकांशी बोलत असताना त्याला वास आला. बिस्किटवाल्याला हा वास झोपेतही कळतो. तो आत धावला. गोविंदा वल्ह्यावर कपाळ टेकून उभ्या उभ्या झोपला होता. दोन पत्रे कोळशासारखे झाले होते. दोन्हीवर एकाच रेल्वे बाबूंचं नाव होतं.

गोविंदा दचकून जागा झाला. त्यानं पत्रे ओढून बाहेर काढले आणि देवाजीकडं पाहिलं नाही. त्यानं पाहिलं ते बळीरामकडं.

"पुढे जा जी," बळीराम देवाजीला म्हणाला. "आमी पायतो."

देवाजी पुढे गेला. तासाभरानं ते रेल्वे बाबू आले आणि त्यांना डबा मिळाला. भरलेला. नानकटाई सोनेरी, ताजी, वरच्या चारोळीसकट. बाबू खूश होऊन गेले. जळालेले दोन पत्रे राखेच्या खड्ड्यात पडलेले देवाजीनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते. दोन किलो नानकटाई आभाळातून पडत नाही.

तो आत आला आणि त्यानं मागचं दार लावून घेतलं.

"मैदा कुठून आला?"

बळीराम परात खरवडत राहिला.

"बळीरामभाऊ, मी मालकाले बोलावत नाही. मी विचारून राहिलो."

बळीरामनं हात धोतराला पुसले. भट्टीच्या मागच्या भिंतीत, जिथं उष्णतेनं कोणी जात नाही, तिथं एक कोनाडा होता, त्यावर गोणपाट. त्यानं ते बाजूला केलं. आत तुपाचा एक उभा डबा, एक मैद्याचं पिंप आणि साखरेची बरणी. तुपाचा डबा निम्मा रिकामा होता.

"नत्थूजींनी बसवलं हे," बळीराम म्हणाला. "बासष्टच्या दिवाळीत. तवा भट्टीवर महादेव नावाचा माणूस होता. त्याच्या हातून चार पत्रे जळले. मालकानं त्याच्या मजुरीतून कापले, अन् तो लक्ष्मीपूजनाच्या दिवशी रिकाम्या हातानं घरी गेला. नत्थूजी म्हणे, असं पुन्हा होऊ द्यायचं नाही. तवापासून जो डबा येते त्यातून डब्याच्या मानानं एक चमचा तूप, एक मूठ मैदा, अर्धी मूठ साखर. कोणाचं जळलं का इथून भरून द्यायचं. घरी कोणी कणभर नेत नाही."

"शुद्ध तूप, डालडा, सोवळ्यातलं, बिनसोवळ्यातलं, सगळं एकाच डब्यात," गोविंदा म्हणाला. कालपासून त्याचं हे पहिलं वाक्य. "सदराचं तूप आहे ते. अंजनाबाईले सांगू नका, त्या आंघोळ करतील."

देवाजी जवळच्या पोत्यावर टेकला. सहासष्टच्या दिवाळीत पावाच्या पाळीवरून त्याला आठ दिवस इकडं बोलावलं होतं आणि त्याच्या हातून दोन पत्रे जळले होते. नत्थूजी म्हणाले होते, जा घरी, झालं ते झालं. त्याची मजुरी कापली गेली नव्हती. नत्थूजींनी स्वतःच्या खिशातून भरलं, असं तो सात वर्षं समजत होता. लोकांना अभिमानानं सांगतही होता.

"मले काहून नाही सांगितलं?"

"तुमी मालकाजवळ बसून चहा पेता," पंचफुला म्हणाली. ती कोपऱ्यात नानकटाई वळत होती आणि हात थांबले नव्हते. "आमाले काय माहीत, कपात चहाच असते का आणखी काही."

या तिघांवर तो चार दिवस नजर ठेवून होता. ते त्याच्यावर पोळ्यापासून ठेवून होते.

"पण एक चमचा म्हणता," देवाजी म्हणाला. "मी मोजलं. दोन चमचे जाऊन राहिले."

बळीरामनं पंचफुलाकडं पाहिलं. तिनं हात धुतले, पिशवी आणली, दोरी सोडली आणि तो चिठ्ठ्यांचा गठ्ठा त्याच्या हातात दिला.

"कोपरा फाटलेली चिठ्ठी म्हणजे जळालेला पत्रा. इथं ठेवल्या तर मालकाच्या हाती लागतील, म्हणून घरी नेतो. किती जळलं ते लिहून नसलं तर चमचा कुठं थांबवायचा, हे कसं कळंल? मागच्या वर्षी दसरा ते दिवाळी सहा चिठ्ठ्या होत्या. नत्थूजींनी मले दाखवल्या होत्या. यंदा आजचे दोन धरून एकतीस."

"एकतीस?"

"मागच्या वर्षी दिवसाचे बारा डबे होते, भट्टीवर दोन माणसं होती. यंदा पंचवीस डबे अन् गोविंदा एकटा. सकाळी सहापासून. तुमी चोर पाहून राहिले होते नं, मंग तेवढं दिसलं नसंल."

देवाजीनं चिठ्ठ्या एकेक करून पाहिल्या. वळणदार अक्षरात नाव, खाली तारीख, आणि वेळ. एकतीसपैकी सव्वीस दुपारी दोननंतरच्या होत्या. त्याला मिस्त्री होऊन दोन महिने झाले होते. जे त्याला रोज भट्टीसमोर उभं राहून दिसायला हवं होतं, ते पंचफुलाच्या पिशवीत सापडलं, आणि हातात असूनही त्यानं ते रद्दी म्हणून परत दिलं होतं.

"काल मी तुझी पिशवी पाह्यली," तो म्हणाला. "एकटीचीच. लोकांनी म्हटलं म्हणून. ती माझी चूक होती."

"सगळ्यांसमोर पाह्यली होती," ती म्हणाली. "बरं झालं, सगळ्यांसमोरच बोलले." एवढ्यावर तिनं विषय सोडला, माफ केलं असं मात्र म्हणाली नाही.

धनत्रयोदशीला मनोहररावांनी गल्ल्याची पूजा केली, धने-गूळ वाटला आणि देवाजीला विचारलं, "नाव?"

देवाजी चहा न घेता उभा होता. हाताखालच्यांची बाजू घ्यायची तर कोनाडा लपवायला हवा होता. लपवला तर तो चोरीत सामील, आणि उघडा केला तर तिघांची दिवाळी गेली. रात्रभर त्यानं याचाच विचार केला होता. शेवटी त्यानं साधा आडाखा बांधला होता: सामानाच्या खोलीत त्रेसष्ट डबे पडून होते, ते लक्ष्मीपूजनाच्या दुपारपर्यंत द्यायचे होते, आणि ते देऊ शकणारी माणसं नागपुरात चारच होती.

त्यानं सगळं सांगितलं. कोनाडा, चमचा, मूठ, नत्थूजी. "नाव पाहिजे असंल तर चार घ्या. त्यात माझंही एक. सहासष्टमधे माझेही दोन पत्रे त्यातूनच भरले होते."

मनोहररावांनी गल्ला बंद केला आणि म्हणाले, "अकरा वर्षं माझ्या दुकानात माझ्या गिऱ्हाइकाची चोरी झाली, असं तू मले पूजेच्या दिवशी सांगून राहिला."

"हो जी."

"अन् मी आता काय करावं असं तुले वाटते? पेढे वाटू?"

"कामठीचा मिस्त्री आज आला तरी त्रेसष्ट डबे त्याच्यानं होत नाही. आमच्यानं होतात, पण असे नाही." देवाजीनं चिठ्ठ्या काउंटरवर ठेवल्या. "एकतीस जळाले. सव्वीस दुपारनंतर. एक माणूस बारा बारा तास आगीसमोर उभा आहे. आजपासून नवीन डबा घ्यायचा नाही. दुपारी दोन ते पाच भट्टीवर मी राहीन, गोविंदा झोपंल. आलेला डबा गिऱ्हाइकासमोर मोजायचा, परत देतानाही समोर मोजायचा. अन् जळलं तर बेकरीच्या कोठीतून भरून द्यायचं. माणसाच्या मजुरीतून नाही, दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या डब्यातूनही नाही."

"गिऱ्हाइकासमोर मोजायचं? सदरात? लोक म्हणतील, मनोहरराव आमाले चोर समजते."

"आता ते तुमाले समजतात."

मनोहररावांनी चिठ्ठ्या उलटसुलट केल्या. त्यांना माणसाचा राग होता, पण आकड्याशी भांडायची सवय नव्हती. "दिवाळीपर्यंत," ते म्हणाले. "मंग पाहू. पहिले डबे करून दे." आणि कोठीची किल्ली त्यांनी कमरेलाच ठेवली.

त्या दुपारी देवाजी अंजनाबाईंच्या घरी गेला आणि कागदात बांधलेली आतपाव नानकटाई त्यांच्या हातात दिली.

"हे तुमचं राहिलं होतं."

"कुठं राहिलं होतं?"

"आमच्याकडं."

अंजनाबाईंनी पुडी नाकाजवळ नेली, वास घेतला. "हे माझं तूप नाही," त्या म्हणाल्या, पण पुडी त्यांनी परत केली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ही गोष्ट अर्ध्या सदराला माहीत झाली आणि बाकड्यावर बसायला जागा उरली नाही. जो तो आधीच दिलेला आपला डबा समोर मोजून घ्यायला आला होता.

काट्याशी देवाजीनं पंचफुलाला बसवलं. नेमकं कोण बसणार, यावर आत थोडी बाचाबाची झाली होती. "मले पुढं ठेवून लोकायच्या शिव्या खायले लावता काय?" ती म्हणाली होती. "शिव्या मी खाईन," देवाजी म्हणाला, "तू आकडा वाच. तुझ्याइतकं खरं मोजणारं इथं कोणी नाही." ती बसली. एका बाईनं विचारलं, "हिच्याच हातानं का?" देवाजी भट्टीकडून ओरडला, "हिच्याच. नाही तर डबा न्या घरी." बाई डबा घेऊन निघाली, फाटकापर्यंत गेली, आणि मग रांगेच्या शेवटी येऊन उभी राहिली. लक्ष्मीपूजन उद्यावर आलं होतं आणि तिच्या घरी भट्टी नव्हती.

संध्याकाळी जाताना पंचफुला देवाजीला म्हणाली, "उद्या येतो. पण पाच वाजेपर्यंतच. तुमच्यासाठी नाही. आकडे अर्धवट राहतात म्हणून."

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सकाळपासून एकही पत्रा जळला नव्हता. गोविंदाची जीभ सैल झाली होती. मिस्त्री भट्टीवर उभे राहिले तर आगच घाबरते, असं तो दर अर्ध्या तासानं सांगत होता. एकच्या सुमारास सहा डबे उरले. बळीरामला घरी पाठवलं. मग गोविंदानं एक पत्रा ओढला आणि तो तसाच वल्ह्यावर धरून उभा राहिला. कडेच्या दोन नानकटाया नाही, अख्खा पत्रा काळा झाला होता. झोप नव्हती, थकवा नव्हता. लाकूड एका अंगानं जास्त पेटलं होतं, एवढंच.

इतक्या वर्षांच्या सवयीनं त्याची नजर कोनाड्याकडं गेली. कोनाडा रिकामा होता. त्यातलं उरलेलं धनत्रयोदशीलाच संपलं होतं, आणि नवीन चमचा कोणी काढला नव्हता.

"मिस्त्री," तो सगळ्यांना ऐकू येईल अशा आवाजात म्हणाला. "माझ्या हातून जळला."

देवाजीनं चिठ्ठी पाहिली. इंदुताईंचा अर्धा किलो. त्यांचं सगळं सामान तेवढंच होतं, आणि त्या बाकड्यावर बसल्या होत्या.

तो जळका पत्रा तसाच हातात घेऊन पुढे गेला आणि इंदुताईंसमोर धरला. "बाई, तुमचं जळलं. आमच्या हातून. आता नवीन करून देतो. पाऊण तास बसावं लागंल."

इंदुताई पत्र्याकडं, मग त्याच्याकडं पाहत राहिल्या. बेकरीवाल्यानं जळलं म्हणून सांगितल्याचं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. "कशाचं करून देणार?" त्यांनी विचारलं. "माझं तर तूप..."

देवाजी गल्ल्याकडं वळला. "कोठीची किल्ली द्या जी."

मनोहररावांनी पूजेसाठी नवं धोतर नेसलं होतं. "कोणी जाळलं?" त्यांनी विचारलं.

आतल्या खिडकीत गोविंदाचं डोकं दिसत होतं.

"बेकरीनं," देवाजी म्हणाला.

"बेकरीले हात असतात का?"

"असतात जी. आठ. त्यातले दोन माझे."

मनोहररावांनी कमरेची किल्ली सोडायला वेळ घेतला. मग ती देवाजीच्या हातात न देता ते स्वतःच उठले, कोठी उघडली, तुपाचा डबा घेऊन बाहेर आले आणि पंचफुलाच्या काट्याशी ठेवला.

"मोज," ते म्हणाले. "माझ्यासमोर. चमचाभरही जास्त नको."

पंचफुलानं पारड्यात वाटी ठेवली, दुसरीकडं वाटीचं आणि दीडशे ग्रॅमचं वजन, आणि तूप ओतायला लागली. मनोहरराव एका बाजूनं वाकले. इंदुताई बाकड्यावरून उठून दुसऱ्या बाजूनं वाकल्या. देवाजी मधून पाहत होता, आणि खिडकीतून गोविंदाही.

काटा हलला, थोडा खाली गेला, वर आला, थांबला.

"दीडशे," पंचफुला म्हणाली. "नीट पाहून घ्या सगळ्यायनं. मंग मले म्हणू नका."

कोणीच लगेच मान हलवली नाही. सगळे आणखी थोडे वाकले.